काळा कातळ आणि गुलाबी ग्रॅनाइट

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांना बंगळूरला उतरल्यावर जेवण, भाषा आणि हवा बदललेली लगेच जाणवते. पायाखालचा दगड बदललेला मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मिरजेहून रात्रीच्या गाडीने निघालात की बेळगावच्या आसपास सह्याद्रीचा काळा दगड संपतो, आणि पुढचा बदल झोपेतच होऊन जातो. सकाळी तुमकूरनंतर खिडकीतून दिसतात त्या करड्या-गुलाबी, गोलसर धोंड्यांच्या टेकड्या. घरच्या जोत्याचा, पाट्या-वरवंट्याचा, गडाच्या पायऱ्यांचा तो काळा कातळ इथे कुठेच नाही.

अकरावीच्या भूगोलात या दोन दगडांची नावे एका तक्त्यात येतात. बेसाल्ट म्हणजे बहिर्निर्मित आणि अल्कधर्मी, ग्रॅनाइट म्हणजे आंतरनिर्मित आणि आम्लधर्मी. एन.डी.ए.च्या परीक्षेसाठी मुले तो तक्ता तोंडपाठ करतात आणि त्यांना गुणही मिळतात. पण दगड ‘आम्लधर्मी’ म्हणजे काय, असे विचारले की वर्ग गप्प. लिंबासारखा आंबट तर नसणार! मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, भूगोल नव्हे, पण या तक्त्याचे उत्तर रसायनशास्त्रातच आहे आणि ते पाठ करावे लागत नाही. एक छोटा हिशोब समजला की तक्ता आपोआप लिहिता येतो. तो हिशोब इथे मांडतो.

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन आहे. म्हणजे पायाखालच्या दगडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग या दोन मूलद्रव्यांचाच. सिलिकॉनचा आयन लहान, ऑक्सिजनचा त्याच्या कितीतरी पट मोठा. चार चेंडू एकमेकांना चिकटवून ठेवले, खाली तीन आणि वर एक, तर मधल्या पोकळीत एक छोटी गोटी मावते. ती गोटी म्हणजे सिलिकॉन. चार चेंडूंची केंद्रे रेषांनी जोडली की चार त्रिकोणी बाजूंची आकृती तयार होते, तिला चतुष्फलक म्हणतात. कवचातली बहुतेक सगळी सिलिकेट खनिजे याच एका विटेची बांधलेली आहेत. वीट एकच, फरक फक्त बांधकामाचा.

आता हिशोब. सिलिकॉनवर चार धन भार असतात. ते चार कोपऱ्यांतल्या ऑक्सिजनला समान वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला एक येतो. ऑक्सिजनची भूक मात्र दोनची. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर एकाची उणीव राहते. ती भरायला दोनच वाटा आहेत. तो ऑक्सिजन शेजारच्या दुसऱ्या चतुष्फलकाचाही कोपरा झाला तर दुसरा भार तिकडून मिळतो. नाहीतर मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम अशा एखाद्या धातूकडून तो घ्यावा लागतो. कोपरा सामाईक असेल तर धातूची गरज नाही. मोकळा असेल तर धातू हवाच. बस, एवढेच.

यातून काय काय निघते ते बघा. एकही कोपरा सामाईक नाही अशी स्थिती घ्या. परेडवर ‘खुली लाइन’ झाल्यावर जसे प्रत्येक जण सुटा उभा असतो, तसे चतुष्फलक सुटे. चार मोकळे कोपरे, चारांची उणीव, ती भरायला दोन भारांचे दोन धातू. म्हणजे एका सिलिकॉनमागे चार ऑक्सिजन आणि मॅग्नेशियमचे किंवा लोहाचे मिळून दोन अणू. हे झाले ऑलिव्हीन. धातू भरपूर म्हणून जड.

आता प्रत्येकाने दोन बाजूंच्या शेजाऱ्यांशी एकेक कोपरा वाटून घेतला, तर एक लांब साखळी होते. सामाईक कोपरा दोघांत अर्धा-अर्धा मोजायचा, म्हणून ऑक्सिजन दोन अधिक दोन अर्धे, एकूण तीन. मोकळे कोपरे दोनच, तेव्हा धातूही एकच पुरतो. हे पायरॉक्सीन. अशा दोन साखळ्या शेजारी-शेजारी बांधल्या की अँफिबोल. तिथे निम्म्या चतुष्फलकांचे दोन आणि निम्म्यांचे तीन कोपरे सामाईक असतात, म्हणून चार सिलिकॉनमागे अकरा ऑक्सिजन येतात. हा ‘चारास अकरा’ आकडा मुलांना फार चमत्कारिक वाटतो. कागदावर साखळी काढून कोपरे मोजा, दोन मिनिटांत पटेल. प्रत्येकाचे तीन कोपरे सामाईक झाले की चादर पसरते. ते अभ्रक. चादरीच्या आत बंध पक्के, पण दोन चादरींमध्ये पोटॅशियमची पकड सैल, म्हणून अभ्रकाचे पापुद्रे नखाने निघतात. आणि चारही कोपरे सामाईक झाले की सर्व दिशांनी बांधलेला सांगाडा तयार होतो. मोकळा कोपरा नाही, उणीव नाही, धातूला प्रवेश नाही. एका सिलिकॉनमागे दोन ऑक्सिजन. ही आपली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. त्यात लोह नाही म्हणून काळेपणा नाही, आणि फुटण्याची ठरलेली दिशा नाही म्हणून ती काचेसारखी वेडीवाकडी फुटते.

एक गोष्ट राहिली, आणि ती टाळून चालणार नाही, कारण कवचाचा निम्म्याहून अधिक भाग तिचा आहे. सांगाड्यात काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसते. त्याच्याकडे भार तीनच, म्हणजे जितकी ॲल्युमिनियमे तितक्या एकेकाच्या उणिवा. त्या भरायला सांगाड्याच्या पोकळीत सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम शिरते. हे फेल्डस्पार. कॅल्शियमवर दोन भार, म्हणून त्याच्यासाठी दोन ॲल्युमिनियम लागतात. सोडियम-पोटॅशियमला एक पुरते. ग्रॅनाइटमध्ये दिसणारे गुलाबी चौकोनी खडे पोटॅशियमच्या फेल्डस्पारचे असतात.

हे सगळे कोणी शोधले, ते सैनिकी शाळेच्या मासिकात सांगायलाच हवे. लॉरेन्स ब्रॅग यांचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडचा, १८९० सालचा. क्ष-किरणांनी स्फटिकातली अणूंची मांडणी वाचण्याची रीत त्यांनी वडिलांबरोबर घडवली आणि १९१५ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. लॉरेन्स तेव्हा २५ वर्षांचे होते, आणि प्रयोगशाळेत नव्हते. ते ब्रिटिश तोफखान्यात अधिकारी म्हणून पश्चिम आघाडीवर होते. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या मोहिमेत मरण पावला. लॉरेन्स यांच्याकडे काम होते ते शत्रूच्या न दिसणाऱ्या तोफा आवाजावरून शोधण्याचे. ओळीने लावलेल्या अनेक मायक्रोफोनवर तोफेचा आवाज किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो, आणि त्या फरकांवरून तोफेची जागा नकाशावर काढता येते. अडचण अशी की सुपरसॉनिक तोफगोळ्याचा कडकडाट आधी येऊन सगळे झाकून टाकायचा. विल्यम टकर या सहकाऱ्याने तापलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन केला. तो कडकडाटाला दाद देत नसे, तोफेचा खालच्या सुरातला धक्का तेवढा टिपत असे. या कामासाठी ब्रॅग यांना मिलिटरी क्रॉस मिळाला.

युद्ध संपल्यावर ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले आणि १९२० च्या दशकात सिलिकेटांच्या मागे लागले. मला या दोन कामांत एक साम्य दिसते. तोफ डोळ्यांना दिसत नाही, अणूही दिसत नाही, दोन्हीकडे लाटांच्या नोंदींवरून मूळ जागा काढायची. तोवरचे रसायनशास्त्रज्ञ दगड विरघळवून त्यातली मूलद्रव्ये मोजत आणि प्रत्येक खनिज हे कुठल्या तरी ‘सिलिसिक आम्लाचे’ लवण आहे असे मानत. अशी कितीतरी आम्ले कागदावर कल्पिली गेली होती. ज्यात सिलिका जास्त तो दगड ‘आम्लधर्मी’ आणि ज्यात कमी तो ‘अल्कधर्मी’, हे शब्द त्या कल्पनेतून आले. १९२६ मध्ये ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑलिव्हीनची आणि बेरिलची रचना काढली. बेरिलमध्ये सहा चतुष्फलकांचे कडे निघाले. पाचू म्हणजे हेच बेरिल. १९२८ मध्ये पायरॉक्सीनची साखळी सापडली. कल्पित आम्लांची गरज संपली, शब्द मात्र पाठ्यपुस्तकात तसेच राहिले. परीक्षेत तेच लिहा, हरकत नाही. पण लिहिताना मनात ‘सिलिका सुमारे ७० टक्के’ आणि ‘सिलिका सुमारे ५० टक्के’ असे वाचा.

आता रचनेकडून खडकाकडे. तप्त शिलारसातही चतुष्फलके असतातच, पण उष्णतेच्या धडपडीत त्यांच्या जोडण्या सारख्या तुटत-जुळत असतात. बेसाल्टसारखा रस थंड होऊ लागला की साधारणपणे आधी ऑलिव्हीन बाहेर पडते, सुट्या चतुष्फलकांचे. मग पायरॉक्सीन, मग अँफिबोल, मग कृष्णाभ्रक. फेल्डस्पारांतही आधी कॅल्शियमचे, नंतर सोडियमचे. सगळ्यात शेवटी उरलेल्या रसातून पोटॅशियमचे फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. जोडण्या शून्यापासून चारापर्यंत चढत जातात. हा क्रम नॉर्मन बोवेन या कॅनडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत सिलिकेटे वितळवून आणि गोठवून पक्का केला आणि १९२८ च्या पुस्तकात मांडला. त्याचे मर्म असे, की आधीचे स्फटिक लोह-मॅग्नेशियम उचलून घेतात, त्यामुळे मागे उरलेला रस सिलिकेत श्रीमंत होत जातो.

इथे एक हुशार विद्यार्थी नेहमी अडवतो: “सर, शुद्ध क्वार्ट्झ तर १७०० अंशांच्या वर वितळते, मग ते सगळ्यात शेवटी कसे गोठेल?” शंका अगदी रास्त आहे. उत्तर प्रयोगशाळेतल्या सोल्डरमध्ये आहे. शिसे ३२७ अंशांना वितळते, कथील २३२ ला, पण दोन्हींचे योग्य मिश्रण १८३ लाच. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे तसेच आहे. एकत्र आले की दोघांचाही वितळणबिंदू उतरतो, आणि खोलवर दाबाखाली त्यात पाणी मिसळले तर ग्रॅनाइटचा रस ६५० ते ७०० अंशांच्या आसपासही वितळू लागतो. पाणी जोडलेले कोपरे तोडते, म्हणून. बेसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंशांवर बाहेर येतो. ‘खडक किती अंशांना वितळतो’ या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही, तो याच कारणाने.

आणि याच जोडण्यांवर रस किती वाहतो हेही ठरते. बेसाल्टच्या रसात सिलिका कमी, धातू जास्त, मोकळे कोपरे जास्त, म्हणून रस पातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये असा पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीपाशी याच काळातला बेसाल्ट आहे. तो सुमारे हजार किलोमीटर वाहत गेलेला दख्खनचाच लाव्हा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रॅनाइटच्या घटकांचा रस मात्र लक्षावधी पटींनी घट्ट. त्यातले वायू सुटत नाहीत. असा रस वर आलाच तर ज्वालामुखी फुटतो, वाहत नाही. बहुतेक वेळा तो वर येतच नाही, खालीच अडकून थंड होतो.

बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्यावर साधारण ५० किलोमीटरवर रामनगर आहे. ‘शोले’तला गब्बरचा अड्डा तो हाच. इथल्या दगडाला भूवैज्ञानिक ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात, कारण गावाचे जुने नाव क्लोजपेट, म्हैसूरचा इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याच्यावरून पडलेले. मराठी मुलांनी हे नाव इतिहासात वाचलेले असते. हाच क्लोज पुढे पुण्याला रेसिडेंट झाला आणि ३१ डिसेंबर १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाबरोबरचा वसईचा तह त्यानेच केला. असो. या ग्रॅनाइटचा पट्टा दक्षिणोत्तर सुमारे ४०० किलोमीटर लांब आणि अदमासे २५० कोटी वर्षे जुना आहे. खोलवर जुने कवच वितळून, त्यात आणखी खालून आलेला रस मिसळून तो झाला, असे मानले जाते. वर कित्येक किलोमीटर खडकाचे पांघरूण असल्याने तो अतिशय सावकाश थंड झाला. अणूंना जागा शोधायला वेळ मिळाला, म्हणून त्यात बोटाच्या पेराएवढे फेल्डस्पार दिसतात. बेसाल्टला उघड्यावर तो वेळ मिळाला नाही, म्हणून त्याचे कण भिंगाशिवाय दिसत नाहीत. वरचे पांघरूण झिजून गेले तेव्हा कुठे हा ग्रॅनाइट उघडा पडला.

झिजण्याचा क्रमही मजेदार आहे. सॅम्युअल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये दाखवले, की जे खनिज आधी गोठते तेच हवापाण्यात आधी सडते. ऑलिव्हीन पहिले, क्वार्ट्झ शेवटचे. मोकळ्या कोपऱ्यांवरचा धातू पाणी सहज पळवते, पण चारही कोपरे बांधलेल्या क्वार्ट्झला ते हात लावू शकत नाही. म्हणून बेसाल्ट सडून आपल्याकडची चिकण काळी माती होते, उन्हाळ्यात भेगाळणारी. ती माती चादरीच्या रचनेची, चादरींमध्ये पाणी शिरले की फुगते. इथे बंगळूरच्या बाजूला लाल माती, आणि बोटांत चोळली तर क्वार्ट्झचे कण खरखरतात.

या न झिजणाऱ्या कणाची एक वाईट बाजू आहे, आणि ती परीक्षेच्या तक्त्यात नसते. ग्रॅनाइटमध्ये साधारण चौथा ते तिसरा हिस्सा क्वार्ट्झ असते. दगड फोडताना, छिन्नीने घडवताना, कोरड्या यंत्रावर कापताना त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. तिथेही ते विरघळत नाही. शरीर त्याला वेढून टाकायला जाते, व्रण धरतात, फुप्फुस कडक होते आणि माणसाचा श्वास कायमचा अपुरा पडतो. हा सिलिकोसिस. बेसाल्टमध्ये मोकळे क्वार्ट्झ जवळपास नसते, म्हणून काळ्या दगडाच्या धुळीत हा धोका बराच कमी, अगदीच नाही असे नव्हे. सैन्यात अभियंता झालात तर डोंगरात रस्ते आणि बोगदे खोदणारी माणसे तुमच्या हाताखाली असतील. समोरचा दगड कोणता हे आधी बघा, ड्रिलवर पाणी चालू आहे का ते बघा, आणि नाकातोंडाला साधा रुमाल नव्हे, बारीक कण अडवणारा मास्क मिळाला आहे का तेही बघा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा ओंजळीत मावेल असा एक काळा दगड घेऊन या. सच्छिद्र नको, भरीव हवा. रामनगरचा एक तुकडा माझ्याकडे आहे. दोन्ही आधी कोरडे तोलू, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलू, आणि कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागू. ग्रॅनाइटसाठी उत्तर २.६ ते २.७ येते, बेसाल्टसाठी २.८ ते ३.० च्या दरम्यान यायला हवे. कमी आले तर दगड आतून पोकळ किंवा सडलेला असणार. तो फोडून बघू, आत पांढऱ्या झिओलाइटचे खडे असले तर त्यांचीही रचना सांगाड्याचीच.